कम्युनिटी कॉलेजातून बालशिक्षणाच्या डिग्रीला ट्रान्सफर: कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी, सुरुवात शेवटापासून

कम्युनिटी कॉलेजातला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातला, माझा पहिला क्लास होता लहान मुलांसाठी गाणी आणि हालचाल. धमाल आली, ए मिळाला, ३ युनिट्स झाली (युनिट म्हणजे इथलं क्रेडिट). दुसरा होता रांगत्या बाळांच्या संगोपनाचा, तोही आवडला. मग वर्षभरानं पहिल्यांदा काउन्सिलरकडे गेले तर तिनं माझा कागद पुढ्यात घेऊन दोन्ही क्लासपुढं पेन्सिलनं छोटासा ई लिहिला. ई म्हणजे इलेक्टिव्ह, ऐच्छिक. म्हणजे क्लास चांगले आहेत हो, पण तुम्हाला ज्या डिग्रीला ट्रान्सफर व्हायचंय (पहिली दोन वर्षं इथं, पुढची दोन विद्यापीठात) तिच्या आठ मुख्य विषयांत यातला एकही नाही. ती ६ युनिट्स वाया गेली नाहीत, पुढं ट्रान्सफरला लागणाऱ्या ६० युनिट्सच्या भरतीला लागली, पण क्रम चुकला आणि क्रम चुकल्यामुळं प्रॅक्टिकम, म्हणजे मुलांच्या वर्गात प्रत्यक्ष काम करायचा शेवटचा क्लास, एक सेमिस्टर पुढं ढकललं गेलं.

मी सांगलीची, एस.वाय.बी.कॉम.पर्यंत शिकलेली, लग्न झाल्यावर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळं मिळणाऱ्या व्हिसावर, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) आले. मुलगी प्रीस्कूलला जायला लागली तेव्हा तिथल्या टीचर जमिनीवर मांडी घालून मुलांशी कसं बोलतात ते बघून वाटलं की हे आपल्याला जमेल. आता ट्रान्सफर होऊन सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) तिसरं सेमिस्टर चालू आहे. इतक्या जणी विचारतात की एकदाच नीट लिहून काढते. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे, टेक्सास न्यू जर्सीवाल्यांनी यातली युनिट्स न् फॉर्म्स जशीच्या तशी उचलू नका, तिकडची गणितं वेगळी.

आधी हे ठरवा: शेवटी कुठल्या खोलीत उभं राहायचंय

बहुतेक जणी कॉलेजचा कॅटलॉग उघडतात आणि वेळेला जमेल तो क्लास घेतात, मी पण तेच केलं. उलटं करा. इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळे त्यांना एकच समजतात: परमिट, डिग्री आणि क्रेडेन्शियल (सरकारी शाळेत शिकवायचा परवाना).

प्रायव्हेट प्रीस्कूलमध्ये टीचर व्हायचंय तर राज्याच्या लायसन्सिंगच्या नियमाप्रमाणं १२ युनिट्स बालविकासाची आणि सहा महिन्यांचा अनुभव लागतो, ६ युनिट्स झाली की पुढची घेत घेत कामही सुरू करता येतं. त्यासाठी ट्रान्सफरची गरजच नाही, दोन सेमिस्टरमध्ये मोकळ्या. सरकारी पैशावर चालणारं प्रीस्कूल असेल तर चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट लागतं, ते देतं सॅक्रामेंटोचं टीचर क्रेडेन्शियलिंगचं कमिशन, म्हणजे सीटीसी. त्याच्या पायऱ्या आहेत: असिस्टंटला ६ युनिट्स, असोसिएट टीचरला १२ आणि ५० दिवसांचा अनुभव, टीचर परमिटला २४ युनिट्स बालविकासाची, वर १६ जनरल एज्युकेशनची (इंग्लिश, गणित, इतिहास असे सगळ्यांनाच लागणारे विषय) आणि १७५ दिवस, दिवसाला निदान तीन तास.

आणि पब्लिक स्कूलच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळेच्या, वर्गात उभं राहायचं असेल, म्हणजे टीके, किंडर, पहिली ते तिसरी, तर बॅचलर्स डिग्री आणि तिच्यावर क्रेडेन्शियल. टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, चार वर्षांच्या मुलांचा पब्लिक स्कूलमधला फुकट वर्ग. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियात चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला टीकेत जागा आहे, आणि दर दहा मुलांमागं एक मोठं माणूस असलं पाहिजे असा नियम, म्हणून माणसं लागतायत. या वयासाठी पीके-३ नावाचं नवीन क्रेडेन्शियल निघालंय, प्रीस्कूल ते तिसरी. त्याला बॅचलर्स हवीच, शिवाय बालविकासाचा अभ्यास (डिग्रीच त्या विषयात असली की प्रश्नच नाही, नाहीतर २४ युनिट्स) आणि प्रत्यक्ष वर्गात ६०० तास.

म्हणून ट्रान्सफरचा हा सगळा उपद्व्याप तिसऱ्या खोलीसाठी, म्हणजे पब्लिक स्कूलच्या वर्गासाठी आहे, किंवा पुढं डायरेक्टर व्हायचं असेल तर. नुसतं प्रीस्कूल पुरेसं वाटत असेल तर १२ युनिट्स करा आणि कामाला लागा, उगाच चार वर्षं कशाला.

इंडियात डिग्री झालेल्यांनी इथं थांबा

हे मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. तुमची इंडियातली डिग्री इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली गेली तर परत बॅचलर्सला ट्रान्सफर होऊ नका. दुसऱ्या बॅचलर्सला सीएसयूमध्ये प्रवेश मिळणं तसंही अवघड असतं. तुमचा रस्ता सरळ: कम्युनिटी कॉलेजातून २४ युनिट्स, मग थेट क्रेडेन्शियल प्रोग्राम.

त्यासाठी आधी डिग्रीचं मूल्यांकन करून घ्या, आणि सीटीसीच्या स्वतःच्या यादीत असलेल्या एजन्सीकडूनच घ्या, व्हिसाच्या वेळी केलेलं जुनं मूल्यांकन चालेलच असं नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षांची डिग्री सहसा बॅचलर्स धरली जाते. घोळ होतो तो तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा, काही एजन्सी त्याला तीन वर्षांचं शिक्षण एवढंच म्हणतात, वर एम.ए. किंवा बी.एड. असेल तर चित्र बदलतं. मार्कशीट वेगळी आणि ट्रान्सक्रिप्ट वेगळं बरं का, ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून मागवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, आईबाबा तिकडं असतील तर पुढच्या वेळी त्यांनाच कामाला लावा. माझी एक मैत्रीण, पुण्याची एम.एस्सी., दीड वर्ष इंग्लिश, स्टॅट्स, इतिहास असलं सगळं जनरल एज्युकेशन करत बसली होती कारण "सगळ्या तेच करत होत्या". तिला त्यातलं काहीच लागत नव्हतं.

माझ्यासारखं शिक्षण अर्धवट असेल तर पुढं वाचा. दहावी बारावीच्या मार्कांची फार धास्ती घेऊ नका. कम्युनिटी कॉलेज अठरा वर्षांवरच्या कुणालाही घेतं आणि ६० युनिट्स करून ट्रान्सफर होताना सीएसयू बारावीचे मार्क बघून ठरवत नाही. माझ्या एस.वाय.बी.कॉम.चा उपयोग थोड्या इलेक्टिव्ह युनिट्सपुरता झाला, जनरल एज्युकेशन इथंच परत करावं लागलं, धरून चाला.

पैसे आणि व्हिसा

कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेज ४६ डॉलर एका युनिटला. साधा ३ युनिट्सचा क्लास १३८ डॉलर, वर थोड्या किरकोळ फिया. रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पटीनं वाढतो, म्हणून रेसिडेन्सी हा विषय आधी मिटवा. एच-४ वर असाल तर तुम्ही रहिवासी ठरू शकता, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वाले नाही. एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहणं आणि इथंच राहायचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे लायसन्स, टॅक्स, घराचं भाडेपत्र, बँक. ऍडमिशनच्या ऑनलाइन फॉर्मवर व्हिसाचा प्रकार टाकला की सिस्टीम बऱ्याचदा परस्पर नॉन-रेसिडेंट ठरवून टाकते, घाबरू नका, कागद घेऊन ऍडमिशन्स ऑफिसात जा, पण क्लास सुरू व्हायच्या आधी जा, नंतर ती सेमिस्टर गेली.

एच-४ वर शिकायला परवानगी आहे, पगार घ्यायला ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं. आणि ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते काम "फुकट करते हो" म्हणून करणंही गोत्यात आणू शकतं, त्यामुळं अनुभवाचे दिवस भरायला कुठंतरी असंच जायला लागू नका, आधी वकिलाला विचारा. फेडरल ग्रँट एच-४ ला नाही. ग्रीन कार्ड, सिटिझन असाल तर फाफ्सा, म्हणजे आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज, भराच, आणि उत्पन्न कमी असेल तर कम्युनिटी कॉलेजची फी पूर्ण माफ होण्याची योजनाही आहे.

सीएसयूची ट्यूशन २०२५-२६ ला वर्षाची ६,४५० डॉलर आहे, कॅम्पसच्या फिया वेगळ्या. म्हणून पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची, दुसरं कारण नाही. खरं सांगायचं तर शिकवणं मला तिथलंच जास्त आवडलं.

कुठली असोसिएट डिग्री घ्यायची

इथं एक शब्द पाठ करा: एडीटी, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. २०१० च्या कायद्यानं आलेली. साधी ए.एस. (असोसिएट म्हणजे दोन वर्षांची डिग्री) आणि ए.एस.-टी. यात त्या एका टी चा फरक आहे आणि तो टी फार मोठा. एडीटी घेतली की सीएसयू सिस्टीममध्ये कुठंतरी प्रवेशाची हमी, आणि तुमची डिग्री ज्या मेजरशी (मुख्य विषयाशी) जुळते तिथं गेलात तर पुढच्या ६० युनिट्समध्ये बॅचलर्स संपवता येते. साध्या ए.एस.ला ही हमी नाही. एकाच कॉलेजात दोन्ही असतात, नाव जवळजवळ सारखंच, ऑनलाइन फॉर्ममध्ये मेजर निवडताना बरोबर चुकीचं निवडलं जातं. आत्ताच उघडून बघा तुमचं काय लिहिलंय ते.

आपल्या कामाच्या एडीटी तीन. अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनची ए.एस.-टी., चाइल्ड अँड ऍडोलेसंट डेव्हलपमेंटची ए.ए.-टी. आणि एलिमेंटरी टीचर एज्युकेशनची ए.ए.-टी. तिसरी आहे ती लिबरल स्टडीजकडे जाते, पहिली ते पाचवी शिकवायचंय त्यांच्यासाठी. दुसरीत मानसशास्त्राचा भाग जास्त, समुपदेशन वगैरेकडे जायचं असेल तर बरी. पहिलीत प्रत्यक्ष मुलांबरोबरचं काम सगळ्यात जास्त आणि तिचे आठ विषय म्हणजेच परमिटची २४ युनिट्स, त्यामुळं मध्येच काही झालं, बाळ झालं, बदली झाली, कंटाळा आला, तरी परमिटची युनिट्स हातात राहतात. माझं मत पहिलीला.

पण थांबा, आधी कुठं ट्रान्सफर व्हायचंय ते बघा. कुठल्या कॅम्पसला कुठली एडीटी जुळती धरतात ते एडीटीच्या वेबसाइटवर शोधता येतं. बे एरियात सॅन होजे स्टेट आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट दोन्हीकडं मेजरचं नावच चाइल्ड अँड ऍडोलेसंट डेव्हलपमेंट आहे, नाव वेगळं म्हणून तुमची अर्ली चाइल्डहूडची ए.एस.-टी. जुळत नाही असं समजू नका, आणि जुळतेच असंही समजू नका, कॅम्पस टाकून बघा. मग असिस्ट नावाची सरकारी साइट आहे, तिथं तुमचं कॉलेज आणि ट्रान्सफरचा कॅम्पस टाकला की इथला कुठला क्लास तिथल्या कुठल्या क्लासच्या जागी चालतो ते समोरासमोर दिसतं. त्या पानाची प्रिंट काढून फ्रिजवर लावा. मस्करी नाही, माझी दोन वर्षं फ्रिजवर होती, एका कोपऱ्याला हळदीचा डाग.

आठ विषय आणि त्यांचा क्रम

आठ विषय असे: मुलांची वाढ आणि विकास, मूल, कुटुंब आणि समाज, तत्त्वं आणि पद्धती, अभ्यासक्रमाची ओळख, निरीक्षण आणि मूल्यमापन, आरोग्य, सुरक्षितता आणि पोषण, विविधतेच्या समाजात शिकवणं, आणि शेवटी प्रॅक्टिकम. प्रत्येकी ३ युनिट्स किंवा थोडी जास्त. राज्यातल्या कॉलेजांनी हे विषय आपसात जुळवून घेतलेत, त्यामुळं अर्धे एका कॉलेजात आणि अर्धे दुसऱ्यात केले तरी सहसा चालतात.

पहिल्या सेमिस्टरला वाढ आणि विकास घ्याच. कारण एका दगडात दोन पक्षी, तो मेजरमध्येही धरला जातो आणि जनरल एज्युकेशनच्या सोशल सायन्समध्येही. मूल, कुटुंब आणि समाजचंही बऱ्याच कॉलेजात तसंच. दोन्ही दुहेरी धरले गेले तर ६ युनिट्स वाचतात, काउन्सिलरकडून खात्री करून घ्या. गणित असं: मेजर २४, जनरल एज्युकेशन ३४, त्यातून दुहेरी ६ वजा, झाली ५२. उरलेली ८ इलेक्टिव्ह, तिथं घ्या तुमचं गाणं आणि हालचाल.

क्वार्टर (तीनेक महिन्यांची टर्म) आणि सेमिस्टरचा घोळ मात्र बे एरियातच जास्त. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, ओलोनी, मिशन, वेस्ट व्हॅली सेमिस्टरवर. सेमिस्टरचं १ युनिट म्हणजे क्वार्टरची दीड. क्वार्टरची ४ युनिट्स म्हणजे सेमिस्टरची पावणेतीनच्या आत. कुणी म्हणालं माझी ३० झाली तर आधी विचारा कसली ३०. घर बदललं म्हणून कॉलेज बदलणाऱ्यांची अशी ३ युनिट्ससाठी शेवटच्या उन्हाळ्यात धावपळ झालेली बघितलीय.

प्रॅक्टिकम शेवटी येतं कारण त्याच्या आधी बाकीचे मुख्य विषय झालेले लागतात. आणि ते दिवसा असतं. बाकी सगळं रात्री मुलं झोपल्यावर ऑनलाइन होतं, हे नाही होत, कारण मुलं सकाळी शाळेत असतात, म्हणजे आठवड्यातल्या ठरावीक सकाळी तुम्ही कॉलेजच्या लॅब स्कूलमध्ये (कॉलेजच्याच प्रीस्कूलमध्ये) किंवा त्यांनी मान्य केलेल्या ठिकाणी पाहिजे. नोकरी करत असाल तर रजेची बोलणी वर्षभर आधी सुरू करा. काही कॉलेजांत ते वर्षातून एकदाच असतं, ते तर पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

निरीक्षणाचा क्लास, थोडं जास्त लिहिते कारण सगळ्या इथंच अडतात

अडतात म्हणजे नापास होत नाहीत, पण पहिले दोन पेपर लाल होऊन परत येतात. मी लिहिलं होतं, "मुलगा चिडला आणि त्यानं ठोकळे फेकले." मार्जिनमध्ये प्रश्न: चिडला हे कसं कळलं? मग परत लिहा. "त्यानं दोन्ही हातांनी ठोकळ्यांचा मनोरा ढकलला. एक ठोकळा उचलून शेल्फच्या दिशेनं टाकला. टीचरकडं बघितलं. हसला." आता सांगा, चिडला होता का? आपल्याकडं मूल दिसलं की आपण लगेच हट्टी, लाजाळू, आगाऊ, गुणी असं काहीतरी चिकटवून मोकळे होतो, ती सवय सुटायला मला अर्धं सेमिस्टर लागलं. युक्ती सांगते, आधी मराठीत लिहा, नुसती क्रियापदं. उचललं, वळला, थांबली, म्हणाली. विशेषणं सगळी काढून टाका. मग इंग्लिश करा. माझं इंग्लिश तोकडं होतं तेच इथं कामाला आलं, कारण मला इथल्या मुलींसारखी वाक्यं फुलवायला येतच नव्हती.

विविधतेच्या क्लासला आपल्याकडं खरंच सांगण्यासारखं असतं, गप्प बसू नका. इथं अठरा महिन्यांच्या मुलानं स्वतः चमचा धरावा, सांडलं तरी चालेल, याला स्वावलंबन म्हणतात. आपल्याकडं तीन वर्षांच्यालाही आजी चिऊचा घास काऊचा घास करत भरवते. वर्गात हे आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी म्हटलं की भरवताना आजी त्याच्याशी सतत बोलत असते, तो भाषेचा तास असतो. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. तसंच तत्त्वांच्या क्लासला फ्रोबेल आणि माँटेसरीवर पेपर असतो, मी परवानगी घेऊन ताराबाई मोडकांवर लिहिला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, तिथली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढं कोसबाडला ते काम वाढलं. अंगणवाडी या शब्दात अंगण का आहे हे इथं कुणाला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही तो पेपर लिहीपर्यंत नव्हतं.

लस, टीबी आणि बोटांचे ठसे

कुठल्याही शाळेत पाय ठेवायच्या आधी हे लागतं, प्रॅक्टिकमलाही आणि निरीक्षणालाही. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसीचा पुरावा, फ्लूची लस किंवा नको असल्याची सही, टीबीची तपासणी, काम करणार असाल तर लाइव्ह स्कॅन म्हणजे बोटांचे ठसे.

टीबीचं आपल्या लोकांसाठी खास. लहानपणी आपल्याला बीसीजी टोचलेली असते, दंडावर ती खूण. त्यामुळं हातावर टोचून बघायची टेस्ट खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी, दोन आठवडे गेले, आणि तोवर प्रॅक्टिकमची जागा दुसऱ्या कुणाला. आधीच सांगा, बीसीजी झालीय, रक्ताची टेस्ट करा. रक्ताच्या टेस्टला बीसीजीचा त्रास नसतो. गोवराचा कागद सापडत नसेल तर, कुणाचा सापडतो म्हणा, रक्तात अँटिबॉडी बघून तोही प्रश्न सुटतो.

जनरल एज्युकेशन

२०२५ च्या फॉलपासून (ऑगस्टच्या सेमिस्टरपासून) नव्यानं सुरू करणाऱ्यांना कॅल-जेटसी नावाचा एकच साचा आहे, ३४ युनिट्स, आधी सुरू केलेल्यांचे जुने साचे चालू राहतात, ते काउन्सिलरकडून लिहून घ्या. यातले चार विषय सोन्याचे: लेखन, बोलणं, तर्क आणि गणित. हे चार झाले नाहीत तर बाकी काहीही करा, सीएसयूचं दार उघडत नाही. भाषण करायचंय म्हणून कम्युनिकेशनचा क्लास सगळ्या शेवटी ठेवतात, नका ठेवू, वर्गात सगळ्यांचेच पाय लटपटत असतात. गणितासाठी स्टॅटिस्टिक्स घ्या, पुढं बॅचलर्सलाही कामाला येतं. कॉलेजांनी आता काही विषयांचे नंबर राज्यभर सारखे केलेत, इंग्लिश, स्टॅट्स, कम्युनिकेशनच्या पुढं सी१००० दिसलं की तो सगळीकडे एकच.

मराठी मीडियमवाल्यांनो, प्लेसमेंट टेस्टची भीती सोडा, आता थेट ट्रान्सफर लेव्हलच्या इंग्लिशला बसता येतं. पण ते बसता येतं म्हणून बसलंच पाहिजे असं नाही. मी आधी एक सेमिस्टर ईएसएलचा (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठीचा) निबंधाचा क्लास केला आणि मला त्याचा एक क्षणही पश्चात्ताप नाही. मेजरच्या प्रत्येक विषयात सी किंवा वर लागतो, एका डीनं एडीटी अडते.

अर्ज

फॉलला जायचं असेल तर आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला कॅल स्टेट अप्लाय (सीएसयूचा ऑनलाइन अर्ज) उघडतं आणि नोव्हेंबरअखेरीच्या आसपास बंद होतं, नेमकी तारीख दरवर्षी बघा. एका कॅम्पसला ७० डॉलर. तुम्ही एडीटी करताय हे फॉर्ममध्ये सांगायचा रकाना असतो, तो चुकवलात तर हमी कागदावरच राहिली. प्रत्येक क्लास, प्रत्येक ग्रेड, पडलेला, सोडलेला, सगळं हातानं भरायचं, ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून भरा, डोक्यातून नको. सध्या चाललेले आणि स्प्रिंगला (जानेवारीच्या सेमिस्टरला) घेणार असलेले क्लासही टाका. जानेवारीत फॉलचे ग्रेड टाका म्हणून ईमेल येते, ती स्पॅममध्ये जाते.

आता हमीची मेख. हमी आहे ती सीएसयू सिस्टीमची, तुमच्या आवडीच्या कॅम्पसची नाही. गर्दीच्या मेजरला इम्पॅक्टेड म्हणतात, तिथं किमान जीपीए २.० पुरत नाही. फ्रीमाँटला नवरा, मुलं, घर असणाऱ्या बाईला लांबच्या चिकोची जागा देऊन काय उपयोग? म्हणून गाडीनं जाता येईल असे दोनतीन कॅम्पस भरा, आणि त्या प्रत्येकाचं असिस्टचं पान आधीच बघितलेलं असू द्या. यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विचारतात बऱ्याच जणी, तिथं मानवी विकास किंवा मानसशास्त्र मिळेल, वर्गात शिकवायची तयारी करून घेणारी डिग्री आपल्याला हवी ती सहसा सीएसयूतच.

एक मात्र, कम्युनिटी कॉलेजातून जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्सच पुढं धरली जातात. मजा येते म्हणून ८५ करून ठेवली तरी १५ तिथंच राहिली.

हो आल्यानंतर

हो आलं की डिपॉझिट, ओरिएंटेशन वगैरे ते सांगतीलच. तुम्हाला कुणी सांगणार नाही ते हे: एडीटी आपोआप मिळत नाही, कम्युनिटी कॉलेजात डिग्रीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची मुदत शेवटच्या सेमिस्टरच्या मधोमध कधीतरी असते आणि तेव्हा आपण प्रॅक्टिकमच्या लेसन प्लॅनमध्ये बुडालेल्या असतो. मी ती मुदत दोन दिवसांवर असताना पकडली, तीसुद्धा लॅब स्कूलमधल्या दुसऱ्या मुलीनं डबा खाताना सहज विचारलं म्हणून. पीके-३ चा विचार असेल तर सीएसयूतल्या पहिल्याच महिन्यात क्रेडेन्शियलच्या ऑफिसात एक चक्कर मारा, डिग्रीच्या काळात केलेले कुठले तास आणि क्लास पुढं धरतात ते आधी कळलेलं बरं.

मग मे अखेरीला ग्रेड लागतात. लगेच ट्रान्सक्रिप्ट पाठवू नका, पाठवलं तर त्यात ग्रेड असतात पण डिग्री नसते, ती नोंद व्हायला आणखी काही आठवडे जातात. रोज लॉगिन करून बघा, ए.एस.-टी. हे शब्द ट्रान्सक्रिप्टवर उमटले की मग ऑर्डर करा, सीएसयूच्या मुदतीच्या आत. आणि तो टी आहे ना ते परत एकदा बघा.